एकशे बारा माणसं आणि एक सही

दिवस पहिला: अॅन आर्बर

माझा मुलगा अमेय त्याच्या कामात एक प्रमेय वापरतो, डेव्हिस-कहान नावाचं. एखाद्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांच्या चौकटीत, थोडीशी गडबड झाली तर तिचे आयगेन-सदिश, म्हणजे तिच्या खास दिशा, जास्तीत जास्त किती वळतील, ते हे प्रमेय सांगतं. ते १९७० साली छापून आलं. रात्री जेवताना तो माझ्या सुनेला, केतकीला, काहीतरी समजावत होता, त्यात हे नाव आलं आणि मी भाजी वाढता वाढता थांबले.

"डेव्हिस म्हणजे चँडलर डेव्हिस का रे? तुमच्याच विद्यापीठाने काढून टाकलेला?"

"काढून टाकलेला? कशाबद्दल?"

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. २०२२ साली डेव्हिस गेले तेव्हा त्यांच्याबद्दल वाचलं होतं आणि ते डोक्यातून गेलं नव्हतं. अमेय मात्र अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बरमध्ये सात वर्षं राहतोय, त्याच मिशिगन विद्यापीठातून शिकलाय, आणि रोज ज्याचं नाव घेतो त्याला तुरुंगात टाकलं होतं हे त्याच्या कानावरही आलेलं नव्हतं. पुढचे पाच दिवस आम्ही जे फिरलो ते या जेवणामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठात गेलो. ऑक्टोबरचा मध्य होता. मेपलची झाडं वरून लाल आणि खालून अजून हिरवी. गणिताचा विभाग आता ईस्ट हॉल नावाच्या विटांच्या इमारतीत आहे. वर्गांतून फळ्यावर खडूचा आवाज येत होता. तो आवाज ऐकला की मला कुठेही घरी आल्यासारखं वाटतं.

गोष्ट अशी आहे. १९५४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेची 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी समिती मिशिगनची राजधानी लान्सिंगला आली. या विद्यापीठातल्या तिघांना बोलावणं गेलं: गणिताचे डेव्हिस, औषधशास्त्राचे मार्क निकरसन आणि प्राणिशास्त्राचे क्लेमंट मार्कर्ट. प्रश्न ठरलेला असायचा. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होतात का? हो म्हणालं की लगेच पुढचा प्रश्न, आणखी कोण कोण होतं? नावं सांगा. ज्यांना मित्रांची नावं द्यायची नसत ते बहुतेक जण राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणी भाग पाडू शकत नाही, असं ती सांगते. यामुळे तुरुंग टळे, नोकरी मात्र बहुधा जाईच.

डेव्हिस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, घरी लहान मुलं. त्यांनी पाचवी दुरुस्ती जाणूनबुजून बाजूला ठेवली आणि पहिलीचा, म्हणजे विचार आणि भाषणाच्या स्वातंत्र्याचा, आधार घेतला. माझं राजकीय मत विचारण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, असं त्यांचं म्हणणं. यात तुरुंग जवळजवळ नक्की होता, आणि ते त्यांना माहीत होतं.

विद्यापीठाने तिघांनाही लगेच निलंबित केलं. मार्कर्ट राहिले, डेव्हिस आणि निकरसन यांना काढलं. निकरसन तर कायम सेवेतले प्राध्यापक होते. ते कॅनडात गेले आणि त्यांचं पुढचं सगळं काम तिकडे झालं. डेव्हिस यांना समितीचा अवमान केल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलं संपेपर्यंत वर्षं गेली, आणि १९६० साली त्यांनी ती कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या तुरुंगात भोगली. अमेरिकेतल्या विद्यापीठांत त्यांना पुन्हा नीट जागा मिळाली नाही. शेवटी टोरांटोने घेतलं. अमेयचं ते प्रमेय तिथलं.

त्यांच्या पत्नी नॅटली झेमन डेव्हिस पुढे जगभर नाव झालेल्या इतिहासकार. त्या सोळाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या छापखान्यांच्या कामगारांवर काम करत होत्या. याच चौकशी समितीवर टीका करणारी एक पुस्तिका लिहिण्यात त्यांचा हात होता, आणि त्यावरून १९५२ साली दोघांचे पासपोर्ट काढून घेतले गेले. फ्रान्सचे दप्तरखाने बंद! मग त्यांनी अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जुनी दुर्मिळ पुस्तकं शोधून त्यांवरच काम चालू ठेवलं. हे वाचताना मला त्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं. निलंबित नवरा, लहान मुलं, आणि टेबलावर चारशे वर्षांपूर्वीच्या छापखान्याची टिपणं.

इथे ह्यांची आठवण आली. हे अर्थशास्त्र शिकवत. आमच्या कोल्हापूरच्या घरी त्यांच्या कपाटात डॅनियल आणि अॅलिस थॉर्नर यांचं भारतीय शेतीवरचं पुस्तक आहे, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेलं. डॅनियल थॉर्नर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होते. १९५२ साली त्यांनीही दुसऱ्यांविरुद्ध बोलायला नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. तेव्हा हे कुटुंब भारतात होतं. ते १९६० पर्यंत इथेच राहिलं, बराच काळ मुंबईत. मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक वीकली'त थॉर्नर लिहीत. आपल्या शेतमजुरांवरचं इतकं चांगलं काम एका बडतर्फ अमेरिकन माणसाने केलं, हे ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही माहीत नसेल.

एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या काळात अमेरिकेत सोव्हिएत हेर होते. नंतर उघड झालेल्या कागदांवरून ते स्पष्ट झालंय. पण डेव्हिस, निकरसन आणि मार्कर्ट या तिघांवर हेरगिरीचा आरोप कधीच नव्हता. डेव्हिस कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते आणि तो पक्ष निवडणुका लढवत असे. त्यांचा गुन्हा एवढाच, की विचारलं तेव्हा उत्तर दिलं नाही.

१९९१ पासून विद्यापीठात या तिघांच्या नावाने दरवर्षी विचारस्वातंत्र्यावर एक व्याख्यान होतं. ते प्राध्यापकांनी सुरू केलं. (विद्यापीठाचे जुने कागद बघायचे असतील तर नॉर्थ कॅम्पसवरच्या बेंटली ग्रंथालयात जावं. बाहेरच्या माणसालाही नाव नोंदवून वाचनकक्षात बसता येतं, पैसे पडत नाहीत. पेन आत नेऊ नये, पेन्सिल न्यावी.)

दिवस दुसरा: डेक्स्टर

अॅन आर्बरपासून वीस मिनिटांवर डेक्स्टर. ह्युरन नदीच्या काठी जुनी सायडर मिल आहे, तिथे सफरचंदं चिरडून रस काढतात आणि शेजारी गरम डोनट तळतात. रस गाळीव नसतो, गढूळ, आपल्या उसाच्या रसासारखा दाट. डोनटवर साखर आणि दालचिनी. अमेयने सहा घेतले, आणि घरापर्यंत एकही पोचला नाही. (मिल फक्त ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या हंगामात चालते. शनिवार-रविवारी प्रचंड रांग, आम्ही गुरुवारी सकाळी गेलो. अंडं चालत नसेल तर डोनटबद्दल आधी विचारा.)

या गावात १९५३ साली मायलो रॅडुलोविच राहत होता. वय सव्वीस, बायको, दोन लहान मुलं. हवाई दलाच्या राखीव दलात लेफ्टनंट, हवामानाचा अभ्यासक म्हणून काम केलेला, आता विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत होता. एके दिवशी हवाई दलाचे दोन अधिकारी पत्र घेऊन दारात उभे राहिले. तुझ्यामुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका आहे. कारण? तुझे वडील आणि तुझी बहीण.

वडील सर्बियाहून आलेले, मोटारीच्या कारखान्यात राबलेले. ते सर्बियन भाषेतली वर्तमानपत्रं घेत, त्यांतलं एक डाव्या मतांचं होतं. बहिणीची मतंही डावी. मायलोच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल हवाई दलाला शंका नव्हती, तसं पत्रातच होतं. शंका होती ती त्याच्या नात्यांबद्दल. गुपचूप राजीनामा दिला असता तर सगळं शांतपणे मिटलं असतं. त्याने सही करायला नकार दिला आणि सुनावणी मागितली.

सुनावणीत मंडळासमोर एक बंद पाकीट होतं. पुरावा त्यात आहे, असं सांगितलं. त्यात काय आहे, कोणी लिहिलंय, हे ना त्याला दाखवलं ना त्याच्या वकिलांना.

मी सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेत आयुष्य काढलेलं आहे. 'गोपनीय अहवाल' हे दोन शब्द ऐकले की आजही माझ्या पोटात गोळा येतो. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते आपल्याला कळणार नाही, पण त्यावर आपली पगारवाढ, बदली, अब्रू सगळं ठरणार. डेक्स्टरच्या त्या बागेतल्या बाकावर बसून मी अमेयला हे समजावत होते. त्याच्या पिढीला ते एखाद्या जुन्या रोगाच्या नावासारखं वाटतं.

मायलोची बातमी डेट्रॉइटच्या वर्तमानपत्रात आली आणि ती न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड मरो या टेलिव्हिजनच्या पत्रकाराने वाचली. त्याने कॅमेरे डेक्स्टरला पाठवले. २० ऑक्टोबर १९५३ ला अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला. त्याची जाहिरात द्यायला वाहिनी तयार नव्हती, म्हणून मरो आणि त्याचा सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी स्वतःच्या खिशातून दीड हजार डॉलर भरून वर्तमानपत्रात जाहिरात दिली.

मी तो कार्यक्रम आदल्या रात्री पाहिला होता. मला सगळ्यात हलवून गेले ते गावातले लोक. साधी माणसं, कामाच्या कपड्यांत, कॅमेऱ्यासमोर उभी राहून सांगतात की हे बरोबर नाही. त्या वर्षी असं बोलणं सोपं नव्हतं. आणि मायलो स्वतः विचारतो, आज माझ्या नातेवाइकांवरून मला जोखत असाल, तर उद्या माझ्या मुलांना मला नाकारायला सांगाल का?

पाच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, हवाई दलाच्या सचिवांनी टेलिव्हिजनवर येऊन सांगितलं की रॅडुलोविच सेवेत राहील. पुढे त्याने हवामानखात्यात आयुष्यभर काम केलं आणि २००७ साली तो गेला.

मिलमध्ये पैसे घेणाऱ्या बाईंना मी त्याच्याबद्दल विचारलं. साठीच्या असतील. म्हणाल्या, "माझ्या सासूबाई सांगायच्या. टीव्हीवाले आले होते तेव्हा त्या रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. बोलायला नाही गेल्या. त्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं." एवढं म्हणून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

दिवस तिसरा: रस्ता

अॅन आर्बर ते मॅडिसन, विस्कॉन्सिन. सव्वासहाशे किलोमीटर, शिकागोच्या गर्दीसकट आठ तास. शिकागोच्या आधी घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे पोचल्यावर दिवस अचानक लांब झाल्यासारखा वाटतो. टोलसाठी गाडीवर पास लावून घ्यावा, नाहीतर नंतर इंटरनेटवर भरत बसावं लागतं.

गाडीत मी फ्लिंटचं वाचून दाखवलं. तीच समिती लान्सिंगनंतर फ्लिंटला गेली, जनरल मोटर्सच्या गावात. सुनावणीत काही कामगारांची नावं आली. ते कामावर गेले तेव्हा शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्यांनीच त्यांना मारहाण करून कारखान्याबाहेर काढलं. वर्षानुवर्षं एकत्र डबा खाल्लेली माणसं! केतकी मागच्या सीटवर होती. "आई, पुढचं नका वाचू थोडा वेळ," म्हणाली. मी पुस्तक मिटलं.

विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी रात्री सगळे मासे खायला बाहेर पडतात, तळलेले मासे, कोलस्लॉ, राय ब्रेड. जुन्या कॅथलिक उपासाची ही सवय. अमेय आणि केतकीने ताव मारला. मला तळलेल्या चीज कर्ड मिळाल्या, बाहेरून कुरकुरीत, आतून ओढल्या तर तार निघते. (कट्टर शाकाहारी असाल तर चीजमधल्या रेनेटची (दूध गोठवणारं द्रव्य, ते प्राण्यांपासूनही काढतात) चौकशी करा. अनेक ठिकाणी वनस्पतिजन्य मिळतं, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. वाइल्ड राइस सूप दिसायला शाकाहारी, बहुतेकदा चिकनच्या पाण्यातलं.)

दिवस चौथा: मॅडिसन

शनिवारी राजधानीच्या चौकात शेतकरी बाजार भरतो. मधोमध पांढऱ्या ग्रॅनाइटचं कॅपिटॉल, भोवती चारही बाजूंनी टपऱ्या. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने चालतात. आम्ही प्रदक्षिणेच्या सवयीने कॅपिटॉल उजव्या हाताला ठेवून सुरुवात केली आणि पाच मिनिटांत सगळ्या गर्दीच्या समोरासमोर आलो. गरम मिरचीचा चीज ब्रेड, क्रॅनबेरीच्या टोपल्या, आणि ताज्या चीज कर्ड ज्या चावल्यावर दातांखाली चुंई चुंई करतात. (सकाळी आठच्या आत जा. कॅपिटॉल आतून बघायला पैसे लागत नाहीत, घुमटाखाली उभं राहून वर बघाच.)

कोपऱ्यावर एक मुलगी क्लिपबोर्ड घेऊन उभी होती, कशासाठी तरी सह्या गोळा करत होती. मी तिला सांगितलं, मी इथली मतदार नाही. ती हसून म्हणाली, हरकत नाही. तिच्यासमोरून तासाभरात शेकडो माणसं गेली असतील. बरीच थांबली आणि सही करून गेली. मी ते बघत उभी राहिले, कारण दुपारी आम्ही जिथे जाणार होतो तिथली गोष्ट सह्यांचीच होती.

विलास पार्क विंग्रा तळ्याच्या काठी आहे, शेजारी फुकट प्राणिसंग्रहालय. ४ जुलै १९५१ ला, स्वातंत्र्यदिनी, ही बाग सहलीला आलेल्या कुटुंबांनी भरली होती. इथल्या 'कॅपिटल टाइम्स' या वर्तमानपत्राचा तरुण बातमीदार जॉन पॅट्रिक हंटर एक अर्ज घेऊन फिरत होता. अर्जात नवीन काही नव्हतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सुरुवात आणि राज्यघटनेत नागरिकांना हक्क देणाऱ्या काही दुरुस्त्या, बस्स. हे तुम्हाला मान्य असेल तर सही करा.

त्याने ११२ जणांना विचारलं. एकाने सही केली.

वीस जणांनी त्यालाच विचारलं, तू कम्युनिस्ट आहेस का? बाकीच्यांनी नोकरीची, नावाची, नंतर कोणी विचारील याची भीती सांगितली. शाळेत ज्याचं पाठांतर केलं तो मजकूर त्यांना ओळखता आला नाही, किंवा ओळखूनही हात पुढे झाला नाही. अध्यक्ष ट्रुमन यांनी त्या महिन्यातल्या एका भाषणात हा प्रसंग सांगितला. पण १९४७ मध्ये सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू करणारा हुकूम ट्रुमन यांचाच होता. भीतीच्या भिंतीतल्या कितीतरी विटा, कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली लोकांवर आरोप करणारा विस्कॉन्सिनचा सिनेटर जोसेफ मॅकार्थी राष्ट्रभर गाजण्याआधीच रचल्या गेल्या होत्या, हे मला या प्रवासातच नीट कळलं.

तळ्याकाठी एक आजी बदकांना मक्याचे दाणे टाकत होत्या. केतकीने त्यांच्याशी बोलणं काढलं. ऐंशीच्या पुढच्या, जवळच्याच एका खेड्यात वाढलेल्या. १९५१ चं ऐकून त्या मान हलवत राहिल्या. "तेव्हा मी लहान होते. पण आमच्या घरात एक नियम होता. वडील म्हणायचे, चर्चचं रजिस्टर आणि बँकेचा चेक, याशिवाय कशावरही सही करायची नाही. मी माझ्या मुलांनाही तेच शिकवलं. का शिकवलं, हे मला त्यांनी विचारलं तेव्हा सांगता आलं नाही."

हे ऐकल्यावर मला पुढे चालवेना. मी बाकावर बसले.

१९९४ साली आमच्या शाळेत एका शिक्षिकेला निलंबित केलं होतं. तिने परीक्षेतल्या एका गैरप्रकाराबद्दल वर लिहून कळवलं होतं, तेवढ्यासाठी. तिच्या बाजूने एक साधं निवेदन निघालं, तिचं काम आम्ही पाहिलंय, चौकशी निष्पक्ष व्हावी, इतकंच. आम्ही एकतीस शिक्षक होतो, चौघांनी सही केली. निवेदन माझ्या टेबलावर येणार होतं त्या दिवशी मी दुपारची अर्धी रजा टाकली. हे तेव्हा परगावी होते, अमेय लहान होता, गोपनीय अहवाल मुख्याध्यापकांच्या हातात. ही सगळी कारणं खरी होती. ती बाई माझ्या शेजारच्या वर्गात शिकवायची, माझ्या डब्यातली लसणाची चटणी तिला आवडायची.

अमेयला मी हे तिथे पहिल्यांदा सांगितलं. तो काही बोलला नाही, शेजारी बसून राहिला. विलास पार्कमधल्या १११ जणांना मी घरी बसून वाचलं होतं तेव्हा त्यांचा राग आला होता. तिथे बसल्यावर तो राग मला धरून ठेवता येईना. त्या एका माणसाबद्दल मात्र सारखं वाटत राहिलं. कोण असेल? जवळ कोणी बायको-मुलं होती का? सही केल्यावर त्याने आजूबाजूला बघितलं असेल का?

दिवस पाचवा: सॉक सिटी आणि अॅपलटन

मॅडिसनहून वायव्येला चाळीस मिनिटांवर सॉक सिटी, विस्कॉन्सिन नदीच्या काठचं लहानसं गाव. इथल्या आठवड्याच्या वर्तमानपत्राचा संपादक लिरॉय गोर हा रिपब्लिकन पक्षाचा माणूस, आधी मॅकार्थीला पाठिंबा दिलेला. मार्च १९५४ मध्ये त्याने अग्रलेख लिहिला की या सिनेटरला परत बोलावलं पाहिजे, म्हणजे मतदारांनी मुदतीआधीच पदावरून काढलं पाहिजे, आणि सोबत अर्जाचा नमुनाही छापला. 'जो मस्ट गो' हे त्या चळवळीचं नाव पडलं.

कायद्याने ४ लाखांहून जास्त सह्या लागणार होत्या, त्याही साठ दिवसांत. गावोगाव माणसं अर्ज घेऊन दारोदार फिरली. सरकारी वकिलाने चळवळीमागे चौकशी लावली. सही केलेल्यांची यादी बाहेर फुटली तर काय, ही धास्ती सगळ्यांना होती आणि अर्जांचे गठ्ठे सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसलं. शेवटी आकडा कमी पडला. पण तीन लाखांहून जास्त सह्या झाल्याचं सांगितलं गेलं. बागेतल्या त्या एका सहीनंतर तीनच वर्षांत, त्याच राज्यात! हे वाचून मी अमेयला म्हटलं, बघ, तीच माणसं. कदाचित त्या बागेतलीही काही असतील. गोरला मात्र याची किंमत मोजावी लागली, त्याचं वर्तमानपत्र हातचं गेलं.

गावात आज कल्व्हर्स या उपाहारगृहांच्या साखळीची पाटी जास्त मिरवते; तिची सुरुवात १९८४ साली इथेच झाली. फ्रोझन कस्टर्ड घ्या, आइस्क्रीमपेक्षा घट्ट. वारा असा सुटला होता की नदीवरच्या पुलावर माझी शाल दोनदा उडाली. (ऑक्टोबरात विस्कॉन्सिनला साध्या स्वेटरने भागत नाही. वारा अडवणारं जॅकेट आणि कान झाकणारी टोपी हवीच.)

तिथून अडीच तासांवर अॅपलटन. फॉक्स नदी, जुन्या कागद गिरण्या, स्वच्छ रस्ते. मॅकार्थी इथून जवळच ग्रँड शूटमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मला. फेब्रुवारी १९५० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या भाषणात त्याने परराष्ट्र खात्यात २०५ कम्युनिस्ट असल्याचं सांगितलं, मग आकडा बदलत गेला. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला. मे १९५७ मध्ये तो गेला, अठ्ठेचाळीस वर्षांचा. त्याचा अर्धपुतळा जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षं होता, तो २००१ साली तिथून हलवला.

सेंट मेरीज दफनभूमी नदीच्या वरच्या चढावर आहे. वाट दाखवणारी पाटी आम्हाला दिसली नाही. पानं गोळा करणाऱ्या एका माणसाने हाताने दिशा दाखवली, नाव न विचारता. आमच्यासारखे लोक येतात हे त्याला माहीत असणार. साधा दगड. नाव, तारखा, आणि 'युनायटेड स्टेट्स सेनेटर'. शेजारी आईवडील. खाली नदी वाहताना दिसते.

तिथे उभं राहून माझ्या मनात त्याच्याबद्दल फारसं काही आलं नाही. आले ते डेक्स्टरमधले सर्बियन वडील, ज्यांच्या वर्तमानपत्रावरून मुलाची परीक्षा झाली, आणि सायडर मिलवाल्या बाईंच्या सासूबाई, रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या. केतकी म्हणाली, "आई, थंडी वाढतेय, चला." गाडीत बसेपर्यंत बोटं बधिर झाली होती. (दफनभूमीत संध्याकाळ व्हायच्या आत जा, ऑक्टोबरात अंधार लवकर पडतो. हुडिनी या जादूगाराच्या लहानपणाची काही वर्षंही याच गावात गेली, लहान मुलं बरोबर असतील तर संग्रहालयाच्या वेळा आधी बघून ठेवा.)

परत

सोमवारी दिवसभर गाडी चालवून अॅन आर्बरला आलो. घड्याळ एक तास पुढे. मी मुगाची खिचडी टाकली, अमेय लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला. डेव्हिस यांनी तुरुंगात असतानाही गणित चालू ठेवलं होतं, असं मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तो त्या काळातला त्यांचा निबंध शोधत होता. कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत त्याला तो सापडला.

"आई, ही तळटीप ऐक," म्हणाला, आणि वाचता वाचता मराठीत सांगत गेला. या संशोधनाला काही अंशी संघीय तुरुंग व्यवस्थेचं साहाय्य लाभलं. यात व्यक्त झालेली मतं लेखकाची आहेत, ती तुरुंग विभागाची असतीलच असं नाही.

त्याने ती तळटीप ऑफिसमधल्या दोघांना पाठवली, जे त्याच्याबरोबर ते प्रमेय वापरतात. खिचडी वाढेपर्यंत एकाचं उत्तर आलं. त्याने विचारलं होतं, हे खरं आहे का, आणि इथेच झालं होतं का.